डबा ऐसपैस

नववीत शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. गाव कोकणातलं. नाव छापत नाही. का, ते पत्र वाचल्यावर तुमच्याही लक्षात येईल. ती लिहिते:

‘सर, अस्सलामु अलैकुम. आमचे अब्बा कुवेतला असतात. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी घरात दोन कॅमेरे बसवले, एक अंगणात आणि एक ओटीवर. तिकडून ते मोबाइलवर बघतात. गेल्या महिन्यात मी आणि माझी चुलत बहीण ओटीवर बसून बोलत होतो. रात्री अब्बांनी फोनवर अम्मीला आमच्या बोलण्यातलं एक वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा आम्हाला कळलं की त्या कॅमेऱ्याला ऐकूही येतं. माझा भाऊ म्हणाला, अब्बा इज स्पायिंग ऑन अस. अम्मी त्याच्यावर फार रागावली. म्हणाली, बाप लेकरांवर लक्ष ठेवतो त्याला असं बोलतात का? सर, इथं स्पाय हे क्रियापद बरोबर आहे का? आणि हा शब्द आला कुठून?’

पोरीनं विचारला आहे व्याकरणाचा प्रश्न. मीही सुरुवात तिथूनच करतो. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, दुसरं काही येतही नाही.

आधी एक सांग, बेटा. तू लहानपणी डबा ऐसपैस खेळली आहेस ना? एक मुलगा पत्र्याचा डबा लांब भिरकावतो. ज्याच्यावर डाव असतो तो धावत जाऊन डबा आणतो, तोवर बाकीचे लपतात. कुणी विहिरीमागं, कुणी गवताच्या गंजीआड, कुणी मशिदीच्या हौदाजवळ (आणि मुअज्जिनचाचांची बोलणी खातो). मग डाव असलेला शोधत फिरतो आणि कुणी दिसला की धावत येऊन डब्याला हात लावून ओरडतो, ‘अमका अमका, ऐसपैस!’ शाळेत मी मुलांना विचारायचो, ऐसपैस म्हणजे काय रे? मुलं सांगायची, सर, मोठं, मोकळं, जसं ऐसपैस घर. आता लपण्याच्या खेळात मोकळ्या घराचं काय काम? तो शब्द मुळात ‘आय स्पाय’ आहे. इंग्रजांच्या मुलांचा लपाछपीचा खेळ आपल्याकडे आला. आय स्पायचं आइसपाइस झालं आणि मराठीत ऐसपैस हा शब्द आधीच असल्यामुळं मुलांनी तो त्यावर चढवला. हिंदी मुलखात आजही आइसपाइसच म्हणतात.

म्हणजे स्पाय हे क्रियापद तुझ्या तोंडात शाळेत जाण्याआधीपासून आहे. आणि त्या खेळात त्याचा अर्थ काय? ‘मला दिसला!’ बस एवढाच. शिवाय या खेळात लपतो कोण, ते बघ. ज्याला शोधायचं तो लपतो. जो बघतो तो उघड फिरतो, आणि दिसला की सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं नाव घेऊन ओरडतो. तुझ्या भावानं जो स्पाय वापरला त्यात सगळं उलटं आहे. तिथं बघणारा लपलेला असतो आणि ज्याला बघायचं तो उघड्यावर, बेसावध.

खेळात उरला आहे तो जुना अर्थ. फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्या आजच्या फ्रान्समध्ये येऊन स्थिरावल्या. त्या देशाला नावही त्यांचंच पडलं. त्यांच्या बोलीत नजर लावून बघण्याला जे क्रियापद होतं ते फ्रेंचांनी उचललं. पण शब्दाच्या सुरुवातीला ‘स्प’ आला की जुन्या फ्रेंच लोकांची जीभ अडायची, म्हणून त्यांनी आधी एक स्वर लावला आणि ‘एस्पिए’ केलं. हसू नकोस. माझी दादी स्टेशनला इस्टेशन आणि स्कूलला इस्कूल म्हणायची, तिची अडचण नेमकी हीच होती. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच शब्दांचे लोंढे इंग्रजीत शिरले, आणि तेराव्या शतकात हाही शब्द तिथं दिसू लागतो. इंग्रजांनी पुढचा स्वर कधी ठेवला, कधी टाकला. म्हणून आज त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. एस्पाय म्हणजे दुरून एकदम दिसणं. आणि स्पाय.

या शब्दाचं खानदान मोठं आहे. लॅटिनमध्ये बघण्याला ‘स्पेकेरे’. त्यातून चष्म्याला स्पेक्टॅकल्स, तपासणाऱ्याला इन्स्पेक्टर. ग्रीकांनी त्यातल्या क आणि प यांची अदलाबदल करून ‘स्कोपेइन’ केलं. टेलिस्कोप, मायक्रोस्कोप तिथले. ग्रीक भाषेत वरून देखरेख करणाऱ्याला एपिस्कोपोस म्हणत. तोच घासत घासत इंग्रजीत बिशप झाला आणि अरबीत उस्कुफ. उर्दूत ख्रिस्ती धर्मगुरूला उस्कुफ म्हटलेलं वाचाल तर ओळखा, हा स्पायचा लांबचा भाऊ.

आणि एक नातेवाईक आपल्या घरातला आहे. संस्कृतमध्ये बघण्याचा धातू ‘स्पश्’. ऋग्वेदात वरुण या देवतेचे स्पश येतात, म्हणजे माणसं काय करतात त्यावर नजर ठेवणारे. अर्थात हेरच. याच धातूपासून आणखी एक शब्द झाला, जो आपण रोज दहा वेळा बोलतो: स्पष्ट. म्हणजे नीट दिसलेलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी दोन-चार जणांना थांबवून थांबवून सांगितलं होतं. संस्कृतच्या बाईंना ते आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळं माझा जरा पोपट झाला. पण गंमत कमी होत नाही. चोरून बघणारा स्पाय आणि उघड दिसणारं स्पष्ट, दोघं एकाच घरातले.

मग बघण्याच्या या साध्या क्रियापदाला चोरीचा वास कधी लागला? फार आधीच. इंग्रजीत आला तेव्हाच दोन्ही अर्थ घेऊन आला. १६११ साली इंग्लंडच्या राजाच्या हुकमानं बायबलचं जे भाषांतर छापलं गेलं, त्यात हजरत मूसा कनआनची जमीन कशी आहे ते पाहायला बारा माणसं धाडतात तिथं स्पाय आहे, आणि हजरत यूसुफ धान्य मागायला आलेल्या आपल्या भावांवर आरोप करतात तिथंही स्पाय आहे. पहिल्या ठिकाणी ते काम आहे, दुसऱ्या ठिकाणी तोच शब्द शिवीसारखा येतो.

आता व्याकरण. हे वहीत उतरवून घे, परीक्षेत नाही आलं तरी उपयोगी पडेल. स्पायच्या पुढं थेट कर्म आलं तर अर्थ ‘दिसणं’. आय स्पाय अ शिप, मला जहाज दिसलं. पुढं ‘फॉर’ आलं तर अर्थ कुणाच्या तरी वतीनं हेरगिरी करणं, एखाद्या देशासाठी, मालकासाठी. आणि पुढं ‘ऑन’ आलं तर अर्थ एखाद्याला कळू न देता त्याच्यावर पाळत ठेवणं. तीन अक्षरी शब्द, पण त्याची इभ्रत पुढच्या शब्दावर.

‘फॉर’वाल्या स्पायना इतिहास कधी कधी मान देतो. नूर इनायत खान हे नाव घरच्या मोठ्यांना विचार. वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, सूफी आणि गवई. नूर टिपू सुलतानच्या वंशातली. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ब्रिटिशांनी तिला वायरलेसवर संदेश पाठवायला गुपचूप उतरवलं. पकडली गेली, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. श्रावणी बसू यांनी तिचं चरित्र लिहिलं, त्याच्या नावातच स्पाय आहे आणि वाचणाऱ्याची मान ताठ होते. ‘ऑन’वाल्याचं चरित्र कुणी लिहीत नाही.

तुझ्या अम्मीकडे वळतो. त्यांना जे म्हणायचं आहे त्याला इंग्रजीत ‘वॉच ओव्हर’ म्हणतात. आणि वॉच हा शब्द डोळ्यांचा नाहीच, तो झोपेचा आहे. जागं होणं म्हणजे वेक, त्याच मुळाचा वॉच. दुसरे झोपलेले असताना जो जागा राहतो तो वॉचमन. आपल्याकडे गावात रात्री पहारा करणाऱ्याला जागल्या म्हणायचे, तसंच. तू आजारी असताना अम्मी उशाशी बसून रात्र काढतात तेव्हा दर मिनिटाला तुला निरखत नसतील, पण जाग्या असतात. हे वॉचिंग ओव्हर. सरकारं वापरतात तो सर्व्हेलन्स हा शब्दही मुळात फ्रेंच, आणि त्याच्याही पोटात जागणंच आहे. पण १७९३ साली फ्रेंच क्रांतीत गावोगाव देखरेख समित्या नेमल्या, संशयितांच्या याद्या केल्या, आणि त्या शब्दावरचा जागण्याचा मायाळूपणा कायमचा उडाला. तो उडतो, हे लक्षात घे. शब्द कुठल्या घरात जन्मला यावर सगळं ठरत नाही.

कॅमेऱ्याला ऐकू येतं म्हणालीस, त्यासाठी वेगळं क्रियापद आहे: ईव्ह्जड्रॉप. याच्या मुळाशी आपली वळचण आहे. कौलारू घराच्या वळचणीवरून पावसाच्या पागोळ्या जिथं पडतात, त्या जमिनीच्या पट्टीला जुन्या इंग्रजीत हे नाव होतं. त्या पट्टीत, भिंतीला चिकटून, कुणी उभा राहिला तर तो कशाला उभा असणार? आतलं ऐकायला. म्हणून चोरून ऐकणारा म्हणजे ईव्ह्जड्रॉपर. इंग्लंडात हा रीतसर गुन्हा होता. ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं अठराव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात त्याची व्याख्या दिली आहे, आणि त्यात नुसतं ऐकणं नाही, ऐकून त्याच्या कंड्या पिकवणंही आहे. १९६७ मध्ये तो जुना गुन्हा कायद्यातून काढला. पागोळ्यांखाली उभं राहून ऐकण्याचे दिवस तोवर गेलेच होते.

मुलामुलींच्या तोंडी हल्ली ‘स्टॉक’ फार असतो. ‘मी तिला इन्स्टावर स्टॉक केलं’, आणि वर हसतात. हा शिकाऱ्याचा शब्द. हरणाला चाहूल न देता दबक्या पावलानं मागं जाणं. स्टील म्हणजे चोरणं, त्याच्या जवळचा. २०१३ पासून आपल्या कायद्यात हा स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम. स्त्रीनं नको म्हटल्यावरही तिच्या मागं लागणं तर त्यात येतंच, पण तिच्या इंटरनेटच्या किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणंही येतं. भावाला दाखव.

आता आपल्या घरच्या शब्दाकडे. आपण स्पायला जासूस म्हणतो. शब्द अरबी, धातू जीम-सीन-सीन. त्याचा पहिला अर्थ डोळ्यांशी संबंधित नाही, बोटांशी आहे. हात लावून अंदाज घेणं. हकीम मनगट धरून नाडी बघतो, त्यालाही अरबीत याच धातूतलं क्रियापद. इंग्रजीचा हेर डोळ्यांनी शोधतो, अरबीचा बोटांनी चाचपतो. पेशव्यांच्या काळच्या मराठी कागदांत हाच शब्द जासूद होऊन आला, पण तिथं तो बहुतेक वेळा पत्रं पोचवणारा आणि बातमी आणणारा. पानिपतावरची पत्रं जासूदांनीच नेली-आणली. आडनावातही तो टिकून आहे.

याच धातूचं क्रियापद कुरआन शरीफमध्ये आलं आहे, सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत. मी इथं तफसीर सांगणार नाही, ते आलिमांचं काम. मी फक्त शब्दांचा क्रम दाखवतो. आधी ईमानवाल्यांना फार गुमान करण्यापासून, संशय घेण्यापासून रोखलं आहे. मग तजस्सुसपासून. मग गीबतपासून. शंका, मग चाचपणी, मग पाठीमागं बोलणं. आता परत लॅटिनच्या ‘स्पेकेरे’कडे ये. संशयाला इंग्रजीत सस्पेक्ट म्हणतात, त्याचे तुकडे केले तर ‘खालून बघणं’. मान न उचलता, पापणीआडून. म्हणजे इंग्रजीतही संशय आणि पाळत सख्खी भावंडं आहेत. त्यांची एक बहीण मात्र वेगळ्या वळणाची निघाली, रिस्पेक्ट. तिचा अर्थ ‘वळून परत बघणं’. आदर.

एक शब्द आणखी, मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब मुलांना सांगतात की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या. तिथलं क्रियापद तजस्सुस नाही, तहस्सुस आहे. जीमच्या जागी हे. आपण एहसास म्हणतो तो त्याच धातूचा. आंधळा होत चाललेला बाप हरवलेल्या लेकाचा माग घ्यायला सांगतो, त्यासाठी हा शब्द. पण म्हणून बापाला सगळं माफ, असं समजू नका. कारण एका हदीसमध्ये तजस्सुसबरोबर तहस्सुसपासूनही रोखलं आहे. आणि दुसऱ्या एका हदीसमध्ये दाराच्या भोकातून आत डोकावणाऱ्या माणसाचा किस्सा आहे. प्रेषितांनी (स.) त्याला जे सुनावलं त्याचा आशय असा, की आत येण्याची परवानगी मागायची ती या नजरेसाठीच तर आहे.

मोठ्या माणसाचं काय, ज्याच्यावर जबाबदारी आहे? इमाम गजालींनी ‘इहया’मध्ये हजरत उमर (रजि.) यांची कथा दिली आहे. रात्री मदीनेत गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला, ते भिंत चढून आत गेले, आणि घरमालकाला नको त्या अवस्थेत पकडलं. तो म्हणाला, मी एक गुन्हा केला, तुम्ही तीन केले. जासूसी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि सलाम करून परवानगी घेतली नाहीत. खलीफांनी ते ऐकून घेतलं आणि त्याला तौबा करायला सांगून निघून गेले. मला या कथेत ते ऐकून घेणं सगळ्यात मोठं वाटतं. मला ते जमलं नव्हतं.

सन २००१ किंवा २००२. माझी थोरली बारावीत होती. कॉलेज तालुक्याला, एसटीनं तासाचा रस्ता. दोन-तीनदा ती उशिरा आली. विचारलं तर म्हणाली लायब्ररीत होते. एका दुपारी ती नसताना मी तिची पेटी उघडली आणि डायरी काढून वाचली. वाचताना स्वतःला सांगत होतो की मी बाप आहे, माझा हक्क आहे. डायरीत काय होतं? एसटीच्या भाड्याचा हिशेब. रसायनशास्त्राच्या परीक्षेची भीती. न समजलेल्या इंग्रजी शब्दांची यादी, म्हणजे माझ्याच विषयातली, जी तिनं मला कधी विचारली नव्हती. आणि लायब्ररीत वाचलेल्या पुस्तकांची नावं, तारखांसकट. मला हायसं वाटलं. डायरी होती तशी ठेवली. पण पानांत तिनं मोगऱ्याचं सुकलेलं फूल ठेवलं होतं, ते कुठल्या पानावर होतं ते मला सांगता येईना. अंदाजानं कुठंतरी ठेवलं.

संध्याकाळी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डायरी ओटीवरच्या टेबलावर होती, दिव्याखाली. मी तिच्याकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली, ‘अब्बा, आता ती इथंच असते. वाचायची असली तर वाचा.’ आवाजात राग नव्हता. नंतर वर्षभर ती डायरी तिथं होती. मी पुन्हा उघडली, लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर. तारखा होत्या. तारखांखाली काही नव्हतं.

माझ्या त्या दुपारच्या कामाला इंग्रजीत स्पायपेक्षा हलका शब्द आहे, स्नूप. डच लोक अमेरिकेत घेऊन गेलेला. डचमध्ये ‘स्नूपेन’ म्हणजे गोडधोड चोरून खाणं. ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याच्या सुक्या मेव्यात मुलं हात घालतात ते. तिथून तो अमेरिकन इंग्रजीत दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसण्यासाठी आला. मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होतो की मी स्नूप केलं, स्पाय नाही केलं. बापानं वापरायला हा शब्द सोयीचा आहे. पण मोगऱ्याचं फूल मी पुन्हा जागेवर ठेवायला गेलो होतो, आणि तीच खूण आहे. ज्याला काही लपवायचं नसतं तो फूल परत ठेवत बसत नाही.

तर बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अंगणातला कॅमेरा भिंतीवर दिसतो आहे, तो बसवताना तुम्ही सगळे हजर होतात, कुवेतहून अब्बा बघतात हे शेजाऱ्यांनाही माहीत आहे. त्याला स्पाय म्हणणं चूक आहे. तिथं अम्मी बरोबर. परदेशी वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसाला आपलं अंगण, आपली लेकरं, पावसात गळणारी पन्हळ बघावीशी वाटते, त्याला एवढा जड शब्द लावू नये. ओटीवरचा कॅमेराही तसाच, जोवर तो नुसता बघतो हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तो ओटीवरच आहे, झोपायच्या खोलीत नाही. पण त्याला कान आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यापुरतं भावाचं वाक्य बरोबर आहे. क्रियापद मी ईव्ह्जड्रॉप वापरलं असतं, पण ‘ऑन’ दोन्हीकडे लागतो. मात्र अब्बांना मुद्दाम लपवायचं होतं की सांगायचंच राहून गेलं, ते मला इथून कळणार नाही. त्यांनी ऐकलेलं वाक्य त्याच रात्री फोनवर सांगून टाकलं, यावरून मला तरी वाटतं की ते लपवत नव्हते. लपवणारा असं बोलून दाखवत नाही, तो ठेवून देतो.

म्हणून हे पत्र त्यांना वाचून दाखव म्हणणार होतो, पण नको. त्यापेक्षा शुक्रवारी फोन येईल तेव्हा सरळ विचार: अब्बा, ओटीवरच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो का? येतो, बेटा, बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये ते असतं. कसं बोलायचं हे जमत नसेल तर अम्मीला बरोबर घे. भावाला मात्र इंग्रजीतून बोलू देऊ नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

कॅमेरा आता माझ्याही घरात आहे. बेगमच्या इंतकालनंतर मी एकटाच असतो, गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरला होता. थोरली शारजाला असते. तिनं फोन केला आणि म्हणाली, ‘अब्बा, ओटीवर एक कॅमेरा लावू का? तुम्हाला नको असेल तर नाही लावणार.’ बाप असूनही मी तिला कधी असं विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. ती कधी बघते ते मला कळत नाही, पण असर पढून चहा घेऊन बसलो की मी त्याच्याकडे बघून हात हलवतो. परवा गावची वीज दिवसभर गेली तर रात्री तिचा फोन, ‘अब्बा, अंधार दिसतोय, ठीक आहात ना?’ तिला मी डायरीबद्दल अजून काही बोललेलो नाही. हा अंक तिच्याकडे पोचेलच.

पुढच्या महिन्यात आयतीच्या क्रमातला तिसरा शब्द घेऊ, गीबत, आणि त्याच्या शेजारी इंग्रजीचा गॉसिप. तो मुळात नात्याचा शब्द आहे, आणि चांगल्या नात्याचा, हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पत्रं नेहमीच्या पत्त्यावर पाठवा.